तांबड्या गोळीची जन्मकथा अर्थात डॉ. ल्यूसी विल्स

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत या वेळी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे असे बैठकीत ठरले आणि ते काम माझ्या गळ्यात पडले. जिजाऊसाहेब तर आपल्याच जिल्ह्यातल्या, सिंदखेडराजाच्या. सावित्रीबाई, अहिल्याबाई यांच्यावर आपल्या मंडळात पुष्कळ वेळा बोलणे झाले आहे आणि ते माझ्यापेक्षा जास्त शिकलेल्या भगिनींनी केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी त्यात नवे काय घालणार? माझी मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते. ती दिवाळीला घरी आली तेव्हा भाजी निवडता निवडता तिने मला एका बाईंची हकीकत सांगितली. मग ती मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकली, तिच्या पुस्तकांतले वाचून घेतले, आणि ठरविले की लिहीन तर यांच्यावरच लिहीन. या बाई इंग्लंडच्या. परंतु त्यांचे सर्वांत मोठे काम आपल्या मुंबईत, गिरणीत राबणाऱ्या गरीब गरोदर बायांसाठी झाले. आपल्यापैकी प्रत्येकीने त्या कामाचे फळ हातात घेतलेले आहे. गरोदरपणी नर्सबाई ज्या तांबड्या गोळ्या देतात, त्या गोळीत लोहाबरोबर फॉलिक ॲसिड नावाचे जे दुसरे औषध असते, त्याचा माग प्रथम या बाईंनी काढला.

चरित्र सांगण्याआधी माझी एक चूक कबूल करते. मोठ्या मुलीच्या वेळी मला अशा शंभर गोळ्या मिळाल्या होत्या. त्या घेतल्या की तोंड बेचव व्हायचे, शौचास काळे व्हायचे. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितले की त्या गोळ्यांनी मूल काळे होते आणि पोटात फार वाढते. मी पंधरा-वीस गोळ्या घेतल्या असतील, बाकीच्या उकिरड्यावर गेल्या. सातव्या महिन्यात धारेवरून दर्शन करून येताना पायऱ्यांवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसले ती उठेना. बरोबरच्या बायांनी धरून घरी आणले. बाळंतपण निभावले, परंतु पुढे सहा महिने मला घागर उचलवत नव्हती. तेव्हा ती गोळी कशाची, कोणी शोधली, हे कोणी सांगितले असते तर मी ती फेकली नसती असे आता वाटते.

ल्यूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडात बर्मिंगहॅम शहराजवळच्या सटन कोल्डफील्ड या गावी झाला. घर सुखवस्तू. त्यांच्या घराण्याचा धंदा विळे, कोयते अशी धारेची हत्यारे बनविण्याचा. हे ऐकून मला मोठी गंमत वाटली, कारण आपल्याकडे विळा म्हटला की सोंगणी आठवते, शास्त्र आठवत नाही. परंतु वडील शास्त्राचे पदवीधर होते. आई एका डॉक्टरांची मुलगी. घरात दगड, माती, झाडे, पाखरे यांविषयी सतत बोलणे चाले. ल्यूसीबाईंचे भाऊ लेनर्ड पुढे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक झाले. आपले लोणारचे सरोवर पाहायला देशोदेशीचे असे दगडमातीचे पंडित येतात, काठावरचा काळा दगड हातात घेऊन तासन् तास बसतात, ते आपण पाहतोच. तशा वेडाचे ते घर.

त्या वेळी मुलींनी फार शिकावे असे इंग्लंडातही सर्वांना वाटत नसे. तरी ल्यूसीबाईंना चेल्टनहॅम येथील मुलींच्या नामांकित शाळेत घातले आणि १९०७ साली त्या केंब्रिज येथील न्यूनहॅम या स्त्रियांच्या कॉलेजात गेल्या. विषय घेतले वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९११ साली परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण पदवी मिळाली नाही. केंब्रिजला स्त्रियांनी वर्गात बसावे, परीक्षा द्यावी, उत्तीर्णही व्हावे, परंतु पदवी मात्र पुरुषांनाच, असा नियम होता. तो १९४८ साली सुटला. म्हणजे आपला देश स्वतंत्र झाला त्यानंतर! साहेबाच्या देशात सारे पुढारलेले असते अशी माझी समजूत होती, ती या ठिकाणी मोडली.

त्याच १९११ साली वडील वारले. १९१३ साली थोरली बहीण गेली, तीही ऐन पंचविशीत. ल्यूसीबाई आईला घेऊन सिलोनला जाऊन आल्या. पुढे १९१४ साली धाकट्या भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेल्या असता पहिले महायुद्ध सुरू झाले. तेथे केपटाऊनमध्ये त्यांनी काही आठवडे रुग्णांची शुश्रूषा केली. मायदेशी परत आल्यावर १९१५ साली त्यांनी लंडनमधील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. वय सत्तावीस. त्या वयात आपल्याकडे बाईच्या पदरी दोन-तीन मुले असतात आणि ती आता काय शिकणार असे घरचेच म्हणतात. १९२० साली, बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. परंतु दवाखाना काही थाटला नाही. रॉयल फ्री नावाच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बसून गरोदर स्त्रियांच्या रक्ताचा अभ्यास त्यांनी सुरू केला. लग्न केले नाही. सायकलवरून कामाला जात. डोंगर चढण्याची त्यांना आवड होती.

आता मुंबईची गोष्ट. सन १९२८ च्या सुमारास मुंबईत गिरण्यांचा मोठा बाजार होता. आपल्या वऱ्हाडचा कापूस तेथेच जाई. हजारो बाया त्या गिरण्यांत काम करीत. त्यांच्यात बाळंतपणात मरण येण्याचे प्रमाण फार होते. त्याची चौकशी सरकारी पैशाने चालू होती आणि डॉ. मार्गारेट बाल्फोर नावाच्या बाईंनी त्या कामासाठी ल्यूसीबाईंना बोलावून घेतले. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची प्रयोगशाळा झाली. ही संस्था प्लेगची लस काढणाऱ्या हाफकिनसाहेबांच्या नावाची, आजही परळला आहे.

तेथे येणाऱ्या कित्येक गरोदर बाया पांढऱ्याफटक पडलेल्या असत. पाय सुजलेले, जीभ लाल आणि सोललेली, जिना चढताना धाप. याला पांडुरोग म्हणतात हे आपल्यालाही ठाऊक आहे. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहिले तर त्यात तांबड्या पेशी कमी, आणि ज्या आहेत त्या नेहमीपेक्षा मोठ्या व कच्च्या. मुलीने मला हे समजावले तेव्हा मी तिला विचारले की पेशी मोठी असेल तर बरेच की, वाईट काय? त्याचे उत्तर असे की कणीस दिसायला थोराड असावे आणि दाणा पोचट निघावा, तसे ते. हाडाच्या आतल्या मगजात रक्त तयार होते. तेथे पेशीला एकाचे दोन व्हायला जे द्रव्य लागते तेच अन्नातून येत नसेल, तर पेशी नुसती फुगते, वाढत नाही. लोह कमी पडल्यावर उलटे होते, पेशी लहान व फिक्या होतात. म्हणून या बायांना नुसते लोह देऊन भागत नव्हते.

ल्यूसीबाईंनी आधी असे पाहिले की हे कोणाला होते. मेहता व तळपदे या नावांचे त्यांचे सहकारी होते. त्यांच्या मदतीने मुंबईतल्या निरनिराळ्या थरांतल्या बायांचे खाणेपिणे, राहणे यांची पाहणी झाली. चुलीपाशी जाऊन कोण काय खाते हे विचारणे सोपे नसते. घरात भाजी नाही हे सांगायला कोणत्याही बाईला लाज वाटते, हे मला माझ्या लहानपणापासून ठाऊक आहे. तरी त्यांनी ते काम केले. त्यातून दिसले की जिचे ताट निकृष्ट, तिला हा रोग जास्त. गरीब मुसलमान बायांचे खाणे सर्वांत तुटपुंजे होते आणि रोगही त्यांच्यातच सर्वांत जास्त होता. खाऊनपिऊन सुखी घरांतल्या बायांत तो फारसा नव्हता. काही जणांचा तर्क होता की पोटात एखादा जंतू असावा. बाईंनी तेही तपासून पाहिले. तसा जंतू सापडला नाही. तेव्हा संशय अन्नावर येऊन थांबला.

अन्नातला दोष शोधायचा तर प्रयोग हवा. १९२९ च्या उन्हाळ्यात त्या निलगिरीतल्या कुन्नूर येथे गेल्या. तेथे मॅकॅरिसनसाहेबांची आहारावर संशोधन करणारी प्रयोगशाळा होती. पुढे १९३१ मध्ये काही काळ त्यांनी मद्रासच्या एका बायकांच्या रुग्णालयातही काम केले. प्रथम पांढऱ्या उंदरांवर प्रयोग केले, पण त्यांत घोटाळा झाला. उंदरांच्या अंगावरच्या उवांमुळे त्यांना वेगळाच एक रोग होत होता आणि रक्त त्यानेही कमी होत होते. आपण डाळ निवडावी आणि मागाहून कळावे की किडा डब्यातच होता, तसे झाले. परंतु बाई खचल्या नाहीत. त्यांनी माकडे घेतली आणि मुंबईच्या गरीब बाया जे खात तसलेच अन्न त्यांना दिले. माकडांनाही तोच पांडुरोग झाला. एक माकड अगदी मरायला टेकले तेव्हा त्याला मार्माइट चाटविले आणि ते सुधारले.

मार्माइट म्हणजे काय हे सांगितले पाहिजे. बिअर नावाची दारू करताना पिंपाच्या तळाशी यीस्टचा, म्हणजे खमिराचा, साका उरतो. तो आटवून काळा, खारट, काकवीसारखा घट्ट लगदा करतात. इंग्लंडात १९०२ पासून तो बरणीत भरून विकला जातो आणि लोक पावाला लावून खातात. त्याला उंची वस्तू कोणी म्हणणार नाही. भट्टीतला उरलासुरला गाळच तो.

त्या काळी पांडुरोगाच्या एका वेगळ्या, जीवघेण्या प्रकारावर जनावराचे काळीज म्हणजे यकृत खायला देत. १९२६ साली अमेरिकेतल्या मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी रोग्यांना रोज जवळजवळ पावशेर काळीज खाऊ घालून बरे केले होते आणि पुढे १९३४ साली त्यांना व व्हिपल यांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. काळजाचा अर्कही निघाला होता, पण तो महाग. गिरणीतल्या बाईला तो कोण देणार? ल्यूसीबाईंनी आपल्या रोगी बायांना स्वस्त मार्माइट देऊन पाहिले. काही दिवसांतच रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, भूक लागू लागली, धाप कमी झाली. १९३१ साली त्यांनी हे इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले.

पुढे त्यांना आणखी एक गोष्ट दिसली व ती मला सर्वांत हुशारीची वाटते. काळजाचा अर्क जसजसा शुद्ध होत गेला, तसतसा तो त्या जीवघेण्या पांडुरोगावर चालत राहिला, परंतु या गरोदर बायांवर मात्र चालेनासा झाला. साधा, अशुद्ध अर्क दोन्हींवर चाले. याचा अर्थ काळजात दोन वेगवेगळी द्रव्ये आहेत. चाळणीने चाळताना एक खाली पडते आणि दुसरे कोंड्याबरोबर टाकून दिले जाते! त्या टाकून दिलेल्या द्रव्याला वैद्यकीय जगात बाईंचेच नाव पडले, विल्स यांचा घटक. १९४१ साली अमेरिकेत तेच द्रव्य कित्येक टन पालकातून वेगळे काढले गेले आणि लॅटिन भाषेत पानाला जो शब्द आहे त्यावरून त्याचे नाव फॉलिक ॲसिड ठेवले. ते कारखान्यात तयार करणाऱ्या मंडळींचे प्रमुख आपल्याकडचेच होते, आंध्रातील भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. हे १९४५ च्या सुमारास झाले. काळजातले दुसरे द्रव्य म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व, ते १९४८ साली हाती आले.

येथे मला माझ्या मामांची आठवण येते, म्हणून चरित्र थोडे बाजूला ठेवते. मामांचे गाव लांबचे आहे, नाव लिहीत नाही. त्यांना यकृताचा विकार झाला. यकृत आक्रसले, पोटात पाणी साठू लागले, डोळे पिवळे झाले. मग जो येईल तो सल्ला देऊ लागला. कोणी म्हणाले वरण बंद करा, कोणी दूध बंद करा, तेलाचा थेंब नको. शेवटी त्यांच्या ताटात मऊ भात आणि वाटीभर उसाचा रस एवढेच उरले. त्याच्या जोडीला तालुक्याच्या एका दुकानदाराने शक्तीच्या पावडरीचे डबे दिले. रोगप्रतिकारशक्ती वाढते असे डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले. मामींनी पाटल्या मोडून सहा डबे आणले. मामा दिवसेंदिवस वाळत गेले, दंडाचे मांस उतरले, सर्दी-ताप हटेना. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नेले तेव्हा तेथल्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. डब्यांचे त्यांना विशेष नव्हते, पण वरण बंद केल्याचे फार वाईट वाटले.

त्यांनी मामींना जे समजावले ते मी त्या वेळी नीट ऐकले नव्हते. मुलीने पुन्हा सांगितले ते असे. निरोगी माणसाचे यकृत दिवसा खाल्लेल्या अन्नातून साखर साठवून ठेवते आणि रात्रभर पुरविते. आजारी यकृताला ती साठवण जमत नाही. त्यामुळे अशा माणसाची एका रात्रीची उपासमार निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपवासाएवढी होते आणि शरीर आपलेच मांस खाऊ लागते. म्हणून अशा रोग्याने थोडे थोडे वारंवार खावे आणि निजताना काहीतरी खाऊनच निजावे. डाळ, दूध, अंडे यांतील प्रथिने बंद करण्याची चाल पूर्वी डॉक्टरांतही होती. आता ती मागे पडली आहे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असे आता सांगतात. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला साठ-सत्तर ग्रॅम. पोटात पाणी असेल तर मीठ कमी करावे लागते, पण ते डॉक्टरांना विचारून.

आणि जंतूंशी लढण्याचे काय? तर यकृत ही नुसती पचनाची जागा नाही. आतड्यांतून येणारे रक्त तेथे गाळले जाते, जंतू तेथेच पकडले जातात, आणि जंतूंशी लढणारी काही द्रव्येही तेथेच तयार होतात. फॉलिक ॲसिड, बी-१२ यांची साठवणही यकृतातच. दारूने यकृत बिघडले असेल तर फॉलिक ॲसिड अन्नातून नीट शोषलेही जात नाही. तांबड्या पेशी ज्या मगजात होतात त्याच मगजात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही होतात, आणि त्यांनाही तेच द्रव्य लागते. म्हणून अशा रोग्याच्या रक्तात खरोखर कमतरता निघाली तर डॉक्टर फॉलिक ॲसिड देतात, जस्त देतात, आणि कमतरता भरून निघते. पण त्याने आक्रसलेले यकृत पूर्वीसारखे होत नाही. कमतरता नसताना डब्यामागून डबे खाऊन काही मिळत नाही. उलट लोह आणि अ जीवनसत्त्व जास्त झाले तर यकृतालाच अपाय होतो, आणि काही झाडपाल्याच्या औषधांनीही यकृत बिघडल्याचे डॉक्टरांना आढळले आहे. मामांच्या पोटातल्या पाण्यात जंतू झाले आणि ते गेले. मामींच्या पाटल्या गेल्या त्याचे त्यांना काही वाटत नाही. शेवटच्या महिन्यात त्यांनी वरणाची वाटी मागितली होती आणि आपण ती दिली नाही, एवढेच त्या अजून बोलून दाखवितात.

ल्यूसीबाईंनी अगदी उलट केले होते, म्हणून हे लिहिले. त्यांनी रोगी बाईला आधी ती काय खाते ते विचारले, मग रक्त तपासले, मग कमी काय आहे ते शोधले, आणि ते स्वस्तात स्वस्त कसे देता येईल ते पाहिले.

१९३३ साली त्या लंडनला आपल्या रुग्णालयात परत गेल्या. परंतु काम अर्धे राहिले असे त्यांना वाटत असावे, कारण १९३७ च्या अखेरीस त्या पुन्हा दहा आठवड्यांसाठी हाफकिनमध्ये आल्या. या खेपेस आगबोटीने न येता पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने आल्या. इंग्लंडहून निघून ठिकठिकाणी उतरत, मुक्काम करीत ते विमान पाच दिवसांनी कराचीला पोहोचले. तेव्हा बाईंचे वय एकोणपन्नास. मी अजून आगगाडीने एकटी मुंबईस गेलेली नाही.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते. १९४४ साली त्यांच्या रुग्णालयावरही उडता बाँब पडला व माणसे दगावली. बाई आपल्या प्रयोगशाळेत काम करीतच राहिल्या. १९४७ साली सेवानिवृत्त होईपर्यंत त्यांनी त्या रुग्णालयात रक्ताच्या रोगांचा स्वतंत्र विभाग उभा केला. निवृत्तीनंतरही घरी बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका येथे जाऊन तेथल्या गरिबांचा आहार व पांडुरोग यांचा अभ्यास केला. फिजीत तर उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांचे वंशज पुष्कळ आहेत, म्हणजे आपलीच माणसे. लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षातर्फे त्या नगरपालिकेवर निवडून आल्या आणि दहा वर्षे तेथे काम केले. १६ एप्रिल १९६४ रोजी, शहात्तरावे वर्ष पुरे व्हायला काही दिवस बाकी असताना, त्या वारल्या.

त्यांच्यामागे ते काम वाढतच गेले. १९९१ साली इंग्लंडातील एका मोठ्या प्रयोगात सिद्ध झाले की गरोदर राहण्याच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतले तर बाळाच्या पाठीच्या कण्याचा व डोक्याचा एक फार दुःखद जन्मदोष बराचसा टळतो. म्हणून आता लग्न झालेल्या व मूल हवे असलेल्या मुलींना आधीपासूनच ही गोळी सांगतात. आपल्या देशात २०१८ पासूनच्या ॲनिमिया मुक्त भारत या योजनेप्रमाणे गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा एकशे ऐंशी गोळ्या आणि बाळंतपणानंतर पुन्हा एकशे ऐंशी. एका गोळीत साठ मिलिग्रॅम लोह आणि अर्धा मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असते. किती थोडेसे! शाळेतल्या मोठ्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते तीही त्याच जातीची. गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यावी. शौचास काळे होते ते लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. बाळाच्या रंगाशी गोळीचा काही एक संबंध नाही, हे मी माझ्या दोन्ही मुली दाखवून सांगू शकते. धाकटीच्या वेळी मी सगळ्या गोळ्या घेतल्या आणि ती माझ्या आईसारखी गोरी आहे, थोरली सासूबाईंसारखी सावळी.

आपल्या स्वयंपाकघराचेही दोन शब्द सांगते. फॉलिक ॲसिड पानांत असते. पालक, मेथी, चवळी, चाकवत, हरभऱ्याचा पाला, यांत ते आहे. हरभरा, तूर, मूग, चवळी या कडधान्यांतही भरपूर आहे, भुईमुगात आहे. म्हणजे हरभऱ्याचा घोळाणा आणि घट्ट वरण ज्वारीच्या भाकरीशी खाणाऱ्या वऱ्हाडातल्या बाईला ते विकत आणायला नको. परंतु आपण एक करतो. भाजी बारीक चिरून मग धुतो, उकडतो, आणि ते हिरवे पाणी मोरीत ओततो. हे द्रव्य पाण्यात विरघळणारे व उष्णतेने नाश पावणारे आहे, ते निम्मेशिम्मे तेथेच जाते. अंबाडी आंबट असते म्हणून तिचे पाणी टाकावे लागते हे खरे, पण मेथी-पालकाचे का टाकावे? भाजी आधी धुवावी, मग चिरावी, झाकण ठेवून अंगच्याच पाण्यात शिजवावी. घोळाणा तर कच्चाच खायचा, त्याचे काहीच जात नाही. बी-१२ मात्र पानांत नाही, ते दूध, दही, अंडी, मांस यांतच आहे. त्याची कमतरता असताना नुसते फॉलिक ॲसिड घेत राहिले तर रक्त सुधारलेले दिसते आणि आतल्या आत नसांची हानी चालू राहते. म्हणून हातापायांना मुंग्या येत असतील, पाय बधिर होत असतील, तर ही गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी.

आणखी एक. आपल्या घरांत सर्वांची पाने वाढून झाल्यावर, पातेल्यात उरेल ते बाई खाते. भाजी उरत नाही, रस्सा उरतो. मुंबईच्या चाळींत शंभर वर्षांपूर्वी ल्यूसीबाईंना जे दिसले ते याहून फार निराळे नसावे. मी गेल्या श्रावणापासून माझी भाजी आधी वाटीत काढून ठेवते. पहिले चार दिवस यजमानांनी त्या वाटीकडे पाहिले, आता ते स्वतःच ती बाजूला ठेवतात.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी मंडळाच्या जागेत नर्सबाईंना बोलाविण्याचे ठरले आहे. ज्यांना बोटातून रक्त काढून तपासून घ्यायचे असेल त्यांनी यावे, उपाशी येण्याची गरज नाही. सुनांना व मोठ्या मुलींना बरोबर आणावे. कोणाच्या घरी न घेतलेल्या गोळ्या पडून असतील तर त्या उकिरड्यावर न टाकता सोबत आणाव्यात, तारीख उलटून गेली आहे किंवा नाही हे नर्सबाई पाहून सांगतील.